हुंडी ते ई-मेल : बँकेच्या नावाने येणारे बनावट पत्र आणि वऱ्हाडातील पतव्यवहाराची परंपरा

प्रस्तावना

बँकेच्या नावाने येणारे बनावट ई-मेल हा विषय सामान्यतः संगणकशास्त्राचा मानला जातो. महाविद्यालयांतून त्यावर कार्यशाळा होतात त्या संगणकशास्त्र किंवा वाणिज्य विभागाच्या वतीने. इतिहास विभागाचे प्राध्यापक तेथे असलेच तर श्रोते म्हणून असतात. वस्तुतः हाती आलेला कागद अस्सल की बनावट हे ठरविणे हा इतिहासाच्या अभ्यासकाचा पहिला धडा होय. कागद कोणत्या मार्गाने आला, कोणाच्या हातचा आहे, तो जे सांगतो ते सांगण्याचा त्याला अधिकार आहे काय, आणि त्यातील मजकुराला अन्य स्वतंत्र साधनाचा आधार मिळतो काय, हे प्रश्न दप्तरखान्यातील सनदेस लागू पडतात तसेच संगणकाच्या पडद्यावरील पत्रासही लागू पडतात. याच प्रश्नांची सवय एकेकाळी अमरावती व अकोला येथील पेढ्यांवरील साध्या गुमास्त्यालाही होती. ती सवय कोणत्या व्यवस्थेतून आली, ती कशी मोडली, आणि फसवणूक झाल्यास नुकसान कोणी सोसावयाचे याचा निवाडा दीडशे वर्षांत कसा बदलत गेला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. यांतील शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

कापूस, रेल्वे आणि पेढी

निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला, तेव्हाही अमरावती ही कापसाची नावाजलेली पेठ होती. रेल्वेपूर्वी येथील कापूस बैलांच्या तांड्यांवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला पूर्वी कधी न मिळालेला भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. अमरावती मुख्य मार्गापासून बाजूला राहिली, परंतु बडनेऱ्याहून तिला फाटा मिळाला. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण ज्या समृद्धीची आठवण ठेवते, तिला या काळाने मोठी भर घातली.

या व्यापाराची एक अडचण होती. कापूस वऱ्हाडात पिके, पैसा मुंबईत असे. हंगाम सुरू झाला की काही महिन्यांत रोख रक्कम पेठेत यावी लागे आणि हंगाम सरला की ती परत फिरे. एवढे नाणे प्रत्येक वेळी गाडीत घालून आणणे खर्चाचे आणि धोक्याचे होते. बँक ऑफ बॉम्बेच्या शाखा अकोला व अमरावती येथे होत्या. हीच बँक १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत आणि तिच्यामार्फत १९५५ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. तथापि पेठेतील रोजचा व्यवहार चालविणारे खरे साधन हुंडी हेच होते. मारवाडी, गुजराती आणि स्थानिक सावकारांच्या पेढ्या परस्परांवर हुंड्या लिहीत आणि त्या कागदावर हजारो रुपये एका शहरातून दुसऱ्या शहरात जात.

हुंडीची घडण आणि बनावटगिरीचा बंदोबस्त

हुंडीचा कागद तसा साधाच असे. त्यावर आज चेकवर असतात तशी जलचिन्हे वा छुपे धागे नसत. ती बहुधा महाजनी मुडिया लिपीत लिहिली जाई. या लिपीत काना-मात्रा गाळण्याची चाल असल्याने 'काकाजी अजमेर गेले' हे वाक्य 'काकाजी आज मरून गेले' असे वाचून घरात रडारड झाल्याची गोष्ट बाजारात अजून सांगतात. गोष्ट अर्थातच विनोदाची आहे. परंतु ज्या कागदावर इतकी संदिग्धता संभवते त्याच कागदावर लोक निर्धास्तपणे पैसे देत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. यामागे अनेक युक्त्या होत्या.

पहिली रकमेच्या लेखनाची. हुंडीत रक्कम एकदा आकड्यांत आणि एकदा अक्षरांत लिहीत. एवढ्यावर न थांबता तिच्या निम्म्याचाही उल्लेख करून त्याची दुप्पट असे पुन्हा नोंदवीत. म्हणजे हजाराची हुंडी असेल तर 'निमे पाचशे, त्याचे दुणे' असे लिहिले जाई. कागदाच्या पाठीमागे पुन्हा 'निम्याचे निमे अडीचशे, त्याचे चौपट' अशी नोंद असे. एका शून्याची भर घालून हजाराचे दहा हजार करू पाहणाऱ्यास चार ठिकाणचा मजकूर एकाच वेळी बदलावा लागे.

दुसरी युक्ती मार्गाची. हुंडी लिहिणारी पेढी ज्या पेढीवर हुंडी करी तिला त्याविषयी वेगळे पत्र धाडीत असे. हुंडी घेऊन येणारा एका वाटेने येई आणि तिची खबर दुसऱ्या वाटेने. दोहोंतील मिती, रक्कम आणि नाव जुळले तरच रक्कम हाती पडे. खबर न पोहोचल्यास गुमास्ता थांबून राही. आणलेल्या माणसाने कितीही घाई केली तरी त्याचा उपयोग नसे. हुंडी गहाळ झाल्यास तिची दुसरी प्रत म्हणजे पेठ आणि तीही गेल्यास तिसरी प्रत म्हणजे परपेठ देण्याचा रिवाज होता, आणि प्रत्येक नव्या प्रतीत आधीच्या प्रतीचा उल्लेख करावा लागे. रक्कम दिल्यानंतर हुंडी रद्द करून ठेवीत. अशा रद्द हुंडीस खोखा म्हणत. तोच कागद दुसऱ्यांदा चालवू पाहणाऱ्याची वाट अशा रीतीने बंद होई.

तिसरी बाब आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. हुंडीच्या अनेक प्रकारांत शाहजोग हुंडी विशेष प्रचलित होती. तिची रक्कम 'शाह' म्हणजे पेठेत ज्याची पत आहे अशा गृहस्थालाच द्यावयाची असे. परगावचा अनोळखी मनुष्य शाहजोग हुंडी घेऊन आला तर त्याला प्रथम गावातील एखाद्या प्रतिष्ठित पेढीकडे जावे लागे आणि ती पेढी त्याच्या वतीने हुंडी पुढे करी. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर रक्कम घेणाऱ्या शाहाने ती व्याजासह परत करावी, असा रिवाज होता. ब्रिटिश अमदानीतील न्यायालयांनीही तो मान्य केला. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने आपल्या पहिल्याच कलमात देशी भाषांतील संलेखांविषयीच्या स्थानिक रूढींना हात न लावण्याची तरतूद केली, त्यामुळे हा रिवाज कायद्याच्या छायेत टिकून राहिला.

याचा अर्थ असा की ओळख पटविण्याचे काम ज्याच्याकडे ओळखीचे साधन होते त्याच्याकडेच सोपविलेले होते, आणि चूक झाल्यास भुर्दंडही त्यालाच होता. शाह आपली हमी उगाच देत नसे. हमी चुकली तर पैसा त्याच्या गल्ल्यातून जाणार होता. गुमास्त्याच्या सावधपणाची आपण वाखाणणी करतो, परंतु तो सावधपणा केवळ सद्गुण नव्हता. वर्षानुवर्षांची उमेदवारी, रोजचा सराव आणि नुकसानीची निश्चित जबाबदारी यांनी तो घडविला होता.

सोंगाची दिशा

तोतयेगिरीने फसविणे या अपराधाची व्याख्या १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४१६ मध्ये होती. त्या कलमाचे पहिलेच उदाहरण असे होते की, एखादा मनुष्य आपल्याच नावाचा अमुक एक धनाढ्य बँकर आपणच आहोत असे भासवून फसवितो. संहितेच्या रचनाकारांना पहिले उदाहरण सुचले ते बँकरच्या सोंगाचे, ही मोठी बोलकी गोष्ट आहे. प्रत्यक्ष पेठेत मात्र हे सोंग अवघड होते. अमरावतीत अमुक पेढी कोणती, तिचा ओटा कोठे आणि तिच्या गादीवर कोण बसते हे लहान पोरालाही ठाऊक असे. पेढीचे सोंग आणावयाचे तर सबंध ओटाच उभारावा लागला असता. त्यामुळे बनावटगिरी बहुधा उलट दिशेने होई. ठक ग्राहकाचे सोंग घेऊन पेढीकडे जाई, आणि त्याला ओळखण्याचे काम पेढीचे असे.

चेकच्या युगातही ही दिशा कायम राहिली. खोटी सही करून बँकेतून पैसे काढले गेले तर ग्राहकाचा तसा हुकूमच नव्हता, म्हणून त्याच्या खात्यात ती रक्कम खर्ची टाकता येत नाही, हे तत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात ते ठामपणे मांडले. त्या प्रकरणात कंपनीच्याच लेखापालाने बेचाळीस खोटे चेक वटविले होते आणि कंपनीला ते कित्येक वर्षे कळले नव्हते. तरीही पासबुक न तपासण्याची ग्राहकाची हयगय बँकेच्या बचावास पुरेशी ठरली नाही.

ई-मेलने ही दिशा पालटली. आता ठक बँकेचे सोंग घेऊन ग्राहकाकडे येतो. पेढीचा ओटा उभारणे आज अर्ध्या तासाचे काम झाले आहे. बँकेचे बोधचिन्ह, रंग, तळटिपा, फार काय सावधगिरीच्या सूचनाही जशाच्या तशा उचलता येतात. आणि ओळख पटविण्याचे काम आले आहे ते ज्याने कधी उमेदवारी केली नाही अशा शिक्षकावर, निवृत्तिवेतनधारकावर किंवा कापूस विकून आलेल्या शेतकऱ्यावर.

याचे तांत्रिक कारण जुने आहे. ई-मेल पाठविण्याचा जो नियमसंच १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला तो परस्परांना ओळखणाऱ्या विद्यापीठांच्या व प्रयोगशाळांच्या जगात तयार झाला होता. पाठविणाऱ्याने आपले नाव जे सांगावे ते खरे मानावे, अशी त्याची बैठक होती. पाकिटाच्या पाठीवर कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसेच हे. पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नावांच्या तपासण्या त्यावर बसविण्यात आल्या. परंतु पायातील उणीव वरच्या मजल्यावर भरून काढण्याचा तो प्रयत्न होता. 'फिशिंग' हा शब्द १९९६ च्या सुमारास रूढ झाला. तेव्हा अमेरिका ऑनलाइन या सेवेचे कर्मचारी असल्याचे भासवून तिच्या सभासदांचे संकेतशब्द काढून घेतले जात. गळ टाकून मासे धरण्याच्या क्रियेवरून हा शब्द आला, हे उघड आहे.

भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २००५ मध्ये नॅसकॉमने दाखल केलेल्या प्रकरणात फिशिंगची प्रथमच सविस्तर चर्चा केली. तेथे बँकेचे नव्हे, तर नॅसकॉमचे नाव घेऊन नोकरीच्या उमेदवारांकडून माहिती गोळा करण्यात आली होती. त्या वेळी यासाठी स्वतंत्र कलम नव्हते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ साली सुधारणा झाली. ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली आणि ओळखचोरीसाठी कलम ६६-क तसेच संगणकाद्वारे तोतयेगिरीसाठी कलम ६६-ड इंग्रजी क्रमानुसार 'सी' व 'डी' म्हणून दाखल झाले. दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. तोतयेगिरीने फसविण्याचा अपराध आता तिच्या कलम ३१९ मध्ये आहे.

पत्राचे परीक्षण

असे पत्र ओळखावे कसे? इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत ज्याला बहिरंग व अंतरंग परीक्षण म्हणतात तेच येथे करावयाचे आहे. नेहमीचा नमुना असा : 'आपल्या खात्याची केवायसी अपूर्ण आहे, चोवीस तासांत पूर्ण न केल्यास खाते गोठविले जाईल, पुढील दुव्यावर जावे.' वेतन जमा होण्याच्या किंवा प्राप्तिकराच्या विवरणपत्राच्या दिवसांत असे पत्र आले की सुशिक्षित मनुष्यही बिचकतो.

प्रथम पाठविणाऱ्याचा पत्ता पाहावा. त्याचे नाव नव्हे. मोबाइलवर बहुधा नावच तेवढे दिसते, आणि नाव हे पाठविणाऱ्याने स्वतः टंकलेले असते. त्यावर बोट ठेवले असता खरा पत्ता उघडतो. हा पत्ता वाचण्याची रीत आपल्या टपालाच्या पत्त्यासारखी आहे. 'मु. पो. रामपूर' एवढ्यावरून गाव कळत नाही. त्या नावाची गावे अनेक असतात. तालुका पाहावा लागतो, शेवटी जिल्हा पाहावा लागतो. संकेतस्थळाच्या नावातही मालक ठरतो तो शेवटच्या भागांवरून. 'अमुकबँक.बँक.इन.पडताळणी-केंद्र.कॉम' या नावात बँकेचे नाव ठळकपणे असले तरी ते स्थळ 'पडताळणी-केंद्र.कॉम' घेणाऱ्याचे आहे. आधीचे सारे शब्द त्याने स्वतः लिहिलेले आहेत. पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडे, उजवीकडून डावीकडे वाचत गेल्यास ही फसवणूक चटकन दिसते. अक्षरांचीही पारख करावी लागते. सिरिलिक लिपीतील काही अक्षरे रोमन अक्षरांशी डोळ्यांना अगदी सारखी दिसतात, आणि ज्याने मोडी वाचली आहे त्याला सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा हा त्रास नवा नाही.

पत्रातील दुव्यावर जे लिहिले आहे आणि तो दुवा जेथे नेतो, त्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. कुलुपाच्या चिन्हाविषयीही गैरसमज आहे. ते चिन्ह एवढेच सांगते की आपला मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला मनुष्य प्रामाणिक आहे असे ते म्हणत नाही. ठकाच्या दारालाही कुलूप असू शकते.

पूर्वी भाषेवरून पारख होत असे. सदोष इंग्रजी, हास्यास्पद मराठी, 'प्रिय ग्राहक' असे कोरडे संबोधन ही बनावट पत्राची खूण मानली जाई, आणि आमच्यापैकी भाषेच्या प्राध्यापकांना त्याचा थोडा अभिमानही होता. ती खूण आता भरवशाची राहिलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी शुद्ध मराठी पत्र सहज तयार होते. उरते ते अंतरंग परीक्षण : हे पत्र मागते काय? संकेतशब्द, पिन किंवा एकवेळचा संकेत म्हणजे ओटीपी कोणतीही बँक पत्राने मागत नाही. ज्या कागदावर तो मागितला आहे तो, बाकी सर्व चिन्हे बरोबर असली तरी, बनावट समजावा. घाई ही दुसरी खूण. खऱ्या हुंडीला गुमास्त्याचे थांबणे सोसत असे.

सर्वांत खात्रीचा उपाय मात्र जुनाच, दुसऱ्या वाटेच्या खबरीचा. पत्रातील दुवा वा दूरध्वनी क्रमांक न वापरता पासबुकावर किंवा कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर विचारावे, अथवा शाखेत जावे. पत्राच्या खरेपणाची चौकशी पत्रातच दिलेल्या क्रमांकावर करणे म्हणजे हुंडी आणणाऱ्यालाच त्याच्या हुंडीची खबर विचारणे होय. आणि पैसे गेलेच तर राष्ट्रीय सायबर गुन्हे साहाय्य क्रमांक १९३० वर तत्काळ कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरविली जाते, म्हणून येथे मात्र घाई आपल्या उपयोगाची.

नुकसान कोणाचे?

या प्रश्नावर महाराष्ट्रातील एक निवाडा मननीय आहे. पुण्यातील एका उद्योगाच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून, बनावट ई-मेलला उत्तर दिले गेल्यानंतर, ८०.१० लाख रुपये परस्पर वळविण्यात आले. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने राज्याचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी २०१३ मध्ये बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. तक्रारदाराने पत्रास उत्तर दिले, म्हणून नुकसानीचा काही भाग त्याचा. पण फसवणुकीसाठी उघडलेल्या खात्यांची योग्य तपासणी झाली नव्हती, म्हणून उरलेला भाग बँकेचा, असे त्यामागील सूत्र होते. पैसा शेवटी कोणत्या तरी खात्यात जातोच, आणि ते खाते कोणत्या तरी बँकेने कोणाची तरी ओळख पटवूनच उघडलेले असते. शाहजोग हुंडीतील शाहाचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, आणि सहकारी बँकांसाठी १४ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाने, वेगळी विभागणी केली. दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही असे असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याचे दायित्व शून्य; परंतु त्याने आपली गुप्त माहिती स्वतःच दिली असेल, तर कळविण्याच्या क्षणापर्यंतचे सर्व नुकसान त्याचे. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर ठेवला, ही समाधानाची गोष्ट. पण फिशिंगमध्ये ग्राहक माहिती देतो ती बँकेलाच देतो आहोत अशा समजुतीने. त्याला हयगय म्हणावे काय? १९८७ च्या निवाड्यातील कंपनीने कित्येक वर्षे पासबुक पाहिले नव्हते, तरी तिचे पैसे वाचले. आणि निवृत्त शिक्षकाने एका दुपारी एक संकेत सांगितला तर त्याची आयुष्याची पुंजी जाते. या दोन न्यायांची संगती आम्हांस लागत नाही.

बाजाराचे कुंपण

वऱ्हाडच्या इतिहासात याला एक समांतर प्रसंग आहे. कापसाच्या बाजारात शेतकऱ्याची वजनात, दलालीत आणि नाना तऱ्हेच्या कटौतीत होणारी लूट हा जुना विषय होता. त्यावर शेतकऱ्याने सावध राहावे असा उपदेश करून प्रशासन थांबले नाही. १८८६ मध्ये कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार अस्तित्वात आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा झाला. बाजाराची जागा ठरली, देखरेखीसाठी समिती आली, दलाल व मापारी यांना परवान्याखाली आणले गेले. कायद्यात उणिवा होत्या. समित्यांवर वर्चस्व व्यापाऱ्यांचे राहिले, आणि १९२८ च्या रॉयल कृषी आयोगाने वऱ्हाडची पद्धत इतर प्रांतांपुढे ठेवताना तिच्यावर टीकाही केली. तरीही अधिकृत बाजार कुंपणाच्या आत आणि बाकी सारा बाहेर, एवढे शेतकऱ्याला दिसू लागले.

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी 'बँक.इन' हे राखीव नाव जाहीर केले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे त्यावर नेण्यास बँकांना सांगितले. हे नाव ज्याला त्याला विकत मिळत नाही. हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत ते बँकांनाच दिले जाते. हे कुंपण होय. नावाचा शेवट 'बँक.इन' असेल तर आपण बाजाराच्या आवारात आहोत, एवढे ग्राहकाला ओळखता येईल. मात्र ते नाव अगदी शेवटी आहे की मध्येच कोठे घुसविले आहे, हे वाचण्याचे काम पुन्हा त्याच्याकडेच आले. आणि आवाराबाहेर उघडलेल्या खात्यांचे काय, ठकाच्या खात्याला जामीन राहिलेला शाह कोण, हा प्रश्न कुंपणाने सुटत नाही; तो २०१३ च्या निवाड्याने जेथे आणून ठेवला होता तेथेच आहे.